पॅनेलमधला फेरफार आणि ड्रॉइंगवरची नोंद

भोसरी, चाकण, अंबड किंवा वाळूजमधल्या एखाद्या कारखान्यात दहा-बारा वर्षे चाललेले कंट्रोल पॅनेल उघडा. दाराच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकचा खिसा असतो आणि त्यात ए-३ कागदांचा घड्या पडलेला संच. संचावरची तारीख पॅनेल बसवले त्या वर्षाची. आत मात्र मधल्या काळात एक सॉफ्ट स्टार्टर आलेला असतो, दोन टायमर गेलेले असतात, चॅनेलच्या झाकणाबाहेर राखाडी वायरींचा झुबका लोंबत असतो आणि टर्मिनल पट्टीच्या टोकाला कुणीतरी मार्करने ‘नवीन’ असे लिहून ठेवलेले असते. जमीन विकली, पण फेरफार नोंदवला नाही, की सातबाऱ्यावर जुनाच मालक नांदत राहतो, तसा हा प्रकार.

नवे पॅनेल तयार करताना ड्रॉइंग कसे असावे याची मानके आहेत, पुस्तके आहेत, आयटीआयमध्ये त्याचे धडेही घेतले जातात. चालू पॅनेलमध्ये बदल करायचा तर ड्रॉइंग कसे काढावे, हे मात्र बहुतेक जण वरिष्ठांचे बघून शिकतात, आणि वरिष्ठही तसेच शिकलेले असतात. दोन्ही कामे सारखी नाहीत. नव्या पॅनेलच्या ड्रॉइंगने काय आहे एवढे सांगितले तरी पुरते. बदलाच्या ड्रॉइंगला तीन गोष्टी सांगाव्या लागतात: काय येणार, काय जाणार आणि कशाला हात लावायचा नाही. पहिली गोष्ट सगळे दाखवतात, कारण नवीन सामानाचे बिल निघायचे असते. गोंधळ होतो तो दुसऱ्या गोष्टीत. जी वायर काढायची, ती कागदावरून नुसती पुसून टाकतात. कागदावर ती नाहीशी होते, पॅनेलमध्ये मात्र तशीच राहते.

हे किती महाग पडू शकते याची दोन उदाहरणे रेल्वेच्या सिग्नलिंगमधली आहेत. रिले रूम आणि कारखान्यातले पॅनेल यांत वायर, टर्मिनल, रिले, फेरूल सगळे तेच. चुकीची किंमत तेवढी वेगळी.

१२ डिसेंबर १९८८ रोजी लंडनमधल्या क्लॅफम जंक्शनजवळ सकाळच्या गर्दीच्या वेळी एक गाडी थांबलेल्या गाडीवर मागून आदळली आणि ३५ माणसे मेली. मागचा सिग्नल लाल व्हायला हवा होता, तो झाला नाही. सिग्नलचे नूतनीकरण चालू होते आणि दोन आठवड्यांपूर्वी रिले रूममध्ये वायरी बदलल्या होत्या. जुन्या वायरचे रिलेकडचे टोक काढले गेले, पण फ्यूजकडचे टोक जोडलेलेच राहिले. सुटे टोक मागे कापून नव्या टेपने बंद करायचे असते, तेही झाले नाही. पुढे शेजारच्या रिलेचे काम करताना ती वायर हलली, पुन्हा जुन्या टर्मिनलला टेकली आणि रिलेला खोटा सप्लाय मिळू लागला. अँथनी हिडन यांच्या चौकशी अहवालात ९३ शिफारशी होत्या. त्यातले सगळ्यात साधे सूत्र म्हणजे काम झाल्यावर दुसऱ्या माणसाने टर्मिनलवरच्या वायरी मोजून ड्रॉइंगशी ताडायच्या. इथे तशी मोजणी झालीच नव्हती. झाली असती तर एक वायर जास्त भरली असती.

दुसरे उदाहरण आपल्याकडचे. २ जून २०२३ रोजी ओडिशात बालासोरजवळच्या बहानगा बाजार स्थानकावर कोरोमंडल एक्स्प्रेस लूप लाइनवर वळली, उभ्या मालगाडीवर आदळली आणि २९०हून अधिक माणसे गेली. जुलै २०२३ मध्ये राज्यसभेत दिलेल्या लेखी उत्तरानुसार कारण होते सिग्नलिंग सर्किटमध्ये पूर्वी केलेल्या फेरबदलातल्या त्रुटी आणि फाटक क्र. ९४ चा बॅरियर बदलण्याच्या कामातल्या त्रुटी. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या अहवालात फाटकाजवळच्या लोकेशन बॉक्समधल्या वायरींवरचे चुकीचे लेबलिंग वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षात आले नाही, असे नमूद आहे. वायरिंगची ड्रॉइंगे आणि जागेवरची अक्षरे अद्ययावत करण्यासाठी मोहीम काढा, अशी शिफारसही त्यात होती. जिथे प्रत्येक बदलाला सहीचा कागद लागतो, त्या खात्याची ही गत. मग तीन शिफ्टमध्ये चालणाऱ्या, मेंटेनन्सला रविवारचे चार तास मिळणाऱ्या कारखान्याबद्दल काय बोलावे!

आता मानकांकडे वळू. चिन्हांचा प्रश्न तसा सुटलेला आहे. आयईसी ६०६१७ मध्ये चिन्हे आहेत, भारतीय मानकांत आयएस १२०३२ आहे, मशीनच्या विद्युत सामग्रीसाठी आयईसी ६०२०४-१ आहे. अमेरिकन शिडीच्या पद्धतीत कॉन्टॅक्ट दोन समांतर रेघांनी दाखवतात आणि सर्किट डावीकडून उजवीकडे जाते. युरोपीय पद्धतीत ते वरून खाली उतरते, आणि कॉइलच्या खाली तिचे कॉन्टॅक्ट कुठल्या पानावर, कुठल्या रकान्यात आहेत याची यादी असते. दोन्ही पद्धती चालतात. एका संचात दोन्ही आल्या की मात्र वाचणारा मेला. अमेरिकन मशीनच्या संचात आपले चार युरोपीय पद्धतीचे कागद घुसवण्यापेक्षा त्याच मशीनच्या पद्धतीने चार कागद काढावेत, भले आपल्या हाताला ते अवघड जावो.

नावांचेही तसेच. कॉन्टॅक्टरला पूर्वी के म्हणत. २००९ नंतरच्या आयईसी ८१३४६-२ प्रमाणे पॉवर स्विच करणाऱ्या वस्तूला क्यू हे अक्षर येते. काही उत्साही ड्राफ्ट्समन बदल करताना जुन्या के१चे नाव क्यू१ करून टाकतात. मानकाला ते धरून असेल, पण पॅनेलमधल्या कॉन्टॅक्टरवरचे लेबल आणि दीडशे फेरूल कोण बदलणार? चालू पॅनेलमध्ये जुनी नावे तशीच ठेवायची, हे माझे ठाम मत आहे. रिलेच्या पायांबाबतही हेच तत्त्व. चार चेंजओव्हर कॉन्टॅक्टच्या छोट्या प्लग-इन रिलेच्या बेसवर बऱ्याचदा दोन तऱ्हेचे आकडे छापलेले असतात: ११-१२-१४ असे कॉन्टॅक्टचे, आणि ९-१-५ असे पिनचे. ड्रॉइंगवर एक आणि फेरूलवर दुसरा आकडा असेल, तर नवा मुलगा कॉमनच्या जागी एनसी पकडणारच.

वायर नंबरबद्दल पॅनेलवाल्यांमध्ये तीन पंथ आहेत. एका पोटेन्शियलला एक नंबर देणारे, दोन्ही टोकांचे पत्ते फेरूलवर छापणारे, आणि पान-ओळीवरून नंबर पाडणारे. नवे पॅनेल असेल तर तिन्ही ठीक. बदलाच्या वेळी तिसरा पंथ सगळ्यात आधी कोलमडतो, कारण मध्ये एक ओळ घुसवली की पुढचे सगळे नंबर सरकतात. दोन टोकांच्या पत्त्यांची पद्धत वायर शोधताना सोन्यासारखी, पण वायर एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर हलवली की दोन्ही फेरूल नव्याने घालावे लागतात. ते घातले जात नाहीत. बालासोरच्या लोकेशन बॉक्समध्ये घात केला तो असल्याच चुकीच्या लेबलांनी. पोटेन्शियलच्या नंबरात ही अडचण कमी, पण त्यात वायर कुठून निघून कुठे गेली हे कळत नाही. बदलाच्या ड्रॉइंगमध्ये सगळ्यात जास्त फसवते ते हेच.

वीस एचपीच्या पंपाचे स्टार-डेल्टा पॅनेल घ्या. के१ मेन, के२ डेल्टा, के३ स्टार असे तीन कॉन्टॅक्टर; एफ२ ओव्हरलोड रिले, के४ टायमर; दारावर तीन लॅम्प. हे काढून मालकाला तिथे ड्राइव्ह बसवायचा आहे. के१ ठेवायचा, के२, के३, के४ आणि एफ२ काढायचे. पॉवरचे नवे ड्रॉइंग अर्ध्या पानाचे होते: एमसीसीबी, के१, ड्राइव्ह, मोटर. इतके सुटसुटीत की बघून बरे वाटते, आणि नेमके तिथेच फसायला होते.

पहिली गोष्ट मोटरकडे जाणाऱ्या केबलची. स्टार-डेल्टाला दोन केबल गेलेल्या असतात, एक यू१-व्ही१-डब्ल्यू१ची आणि एक यू२-व्ही२-डब्ल्यू२ची. ड्राइव्हला एकच केबल पुरते; मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये पट्ट्या टाकून डेल्टा करायचा. दुसऱ्या केबलचे काय? नव्या ड्रॉइंगवर ती नाहीच, म्हणून वायरमन पॅनेलकडचे टोक काढून टेप मारतो आणि ग्लँड प्लेटजवळ कोंबून ठेवतो. मोटरकडचे टोक जोडलेलेच राहिले, तर डेल्टाच्या पट्ट्यांमधून ड्राइव्हचे आउटपुट उलट फिरून त्या कोंबलेल्या टोकापर्यंत येते. क्लॅफमची वायर ती हीच. ड्रॉइंगवर ही केबल दाखवून तिच्यासमोर ‘दोन्ही टोके सोडवा, पॅनेलकडे तिन्ही कोर अर्थला जोडा’ असे लिहायला हवे. कागदावर जागा जाते, पण जावी.

दुसरी एफ२ची. स्टार-डेल्टामध्ये ओव्हरलोड रिले बहुधा वाइंडिंगच्या फेजमध्ये असतो, म्हणून त्याचे सेटिंग फुल लोड करंटच्या ०.५८ पट असते. वीस एचपीची मोटर साधारण २७ अँपिअर घेते, म्हणजे सेटिंग १६च्या आसपास. तो तसाच ठेवून २७ अँपिअरच्या लाइनमध्ये घातला, तर पंप भरात येताच ट्रिप होणार. म्हणून तो काढायचा. पण त्याचा ९५-९६ हा कॉन्टॅक्ट कंट्रोल सर्किटमध्ये सिरीजला आहे. तिथे काय घालायचे? घाईत लिंक टाकून मोकळे होणारे आहेत. मग ड्राइव्ह फॉल्टमध्ये गेला तरी पॅनेलला पत्ता नाही. थोडा विचार करणारे तिथे ड्राइव्हच्या फॉल्ट रिलेचा कॉन्टॅक्ट घालतात. त्यातही खोच आहे. अनेक ड्राइव्हमध्ये हा रिले ड्राइव्ह ठीक असताना ओढलेला असतो, म्हणजे सप्लाय आल्याशिवाय कॉन्टॅक्ट लागत नाही. तो कॉन्टॅक्ट के१च्या कॉइलमध्ये सिरीजला घातला, तर ड्राइव्हला सप्लाय देणारा के१ कधी लागणारच नाही, कारण त्याला लागायला ड्राइव्हला आधी सप्लाय हवा. म्हणून हा कॉन्टॅक्ट रन कमांडच्या ओळीत टाकायचा. स्किमॅटिकवर हे एका नजरेत दिसते, पॅनेलसमोर उकिडवे बसून सुचत नाही.

तिसरी लूपिंगची. स्किमॅटिकवर ३ नंबरची वायर ही एक सरळ रेघ आहे. प्रत्यक्षात ती एफ२च्या ९६वरून के३च्या १३वर, तिथून के२च्या १३वर, तिथून दारावरच्या स्टॉप बटणाकडे अशी टप्प्याटप्प्याने गेलेली असते. मध्ये लॅम्पचे कॉन्टॅक्ट असतात म्हणून. के२ आणि के३ काढले की लूप तुटतो आणि स्टॉप बटणाकडे सप्लायच जात नाही. मग चॅनेलमध्ये दोन टोके पिळून, टेप मारून, झाकण बसवले जाते. तो जोड कुठल्याही कागदावर येत नाही. स्किमॅटिक चुकीचे नसते. वायर कशी फिरवली हे सांगणे त्याचे काम नाही. ते काम कनेक्शन ड्रॉइंगचे किंवा ‘कुठून-कुठे’ यादीचे. बदलाच्या कामात मला ही यादी स्किमॅटिकपेक्षा मोलाची वाटते: वायर नंबर, एक टोक, दुसरे टोक, जाडी, रंग, आणि शेवटच्या रकान्यात ‘काढा’, ‘जोडा’ किंवा ‘हलवा’. ज्या टर्मिनलला हात लागणार, त्याच्यापुढे काम संपल्यावर तिथे किती वायरी असाव्यात तेही लिहा. वायरी मोजणारा माणूस एवढ्या कागदावर अर्ध्या तासात काम तपासू शकतो.

राहिली ड्राइव्हची २४ व्होल्टची बाजू. दारावरची बटणे २३० व्होल्टची, ड्राइव्हचे डिजिटल इनपुट २४ व्होल्ट डीसीचे. मध्ये एक रिले घालायचा, त्याची कॉइल २३०वर आणि कोरडा कॉन्टॅक्ट ड्राइव्हकडे. ड्रॉइंगवर २४ व्होल्टच्या वायरींना १०१पासून पुढे वेगळी मालिका द्या आणि शक्य असल्यास वेगळे पान. एका पानात दोन्ही व्होल्टेज शेजारी आली, की कुणीतरी ५ नंबरच्या वायरीला १०५ समजून ड्राइव्हचे कार्ड जाळणार.

सुरक्षेचा आणखी एक मुद्दा इथेच येतो. टाकीच्या लेव्हल पॅनेलकडून किंवा जनरेटरच्या पॅनेलकडून इंटरलॉकची केबल या पॅनेलमध्ये येते आणि ती स्वतःचे २३० व्होल्ट घेऊन येते. मेन आयसोलेटर बंद केला तरी त्या टर्मिनलवर सप्लाय असतोच. आयईसी ६०२०४-१ अशा वायरींसाठी नारिंगी रंग सुचवते. आपल्याकडच्या जुन्या पॅनेलमध्ये तो फारसा दिसत नाही, तेव्हा निदान ड्रॉइंगवर ती टर्मिनले चौकटीत घालून ‘बाहेरचा सप्लाय’ असे ठळक लिहा.

रंगांचा घोळ आयात केलेल्या मशीनवर अधिक. आपल्या जुन्या पद्धतीत फेज लाल, पिवळा, निळा आणि न्यूट्रल काळा. आयईसी पद्धतीत फेज तपकिरी, काळा, राखाडी आणि न्यूट्रल फिकट निळा. काळी वायर आपल्याकडे न्यूट्रल आणि जर्मन मशीनमध्ये फेज. निळ्याचे बरोबर उलटे. अशा दोन पॅनेलच्या सांध्यावर बदल करताना ड्रॉइंगवर ‘बी’ किंवा ‘एन’ एवढेच लिहून भागत नाही. वायरीच्या रेघेवर रंग लिहावा लागतो, आणि टर्मिनल पट्टीच्या कोणत्या बाजूला कुठली रंगपद्धत आहे तेही.

बदल दाखवायचा कसा, याला सगळीकडे चालणारी एकच रीत नाही. नवीन लाल आणि काढायचे हिरवे, ही बऱ्याच ठिकाणची रीत. काही कंपन्यांत रंगांचे अर्थ वेगळेच. म्हणून रंगांची किल्ली प्रत्येक पानावर हवी. त्याहून मोठी अडचण झेरॉक्सची आहे. डिझाइन ऑफिसात रंगीत निघालेले पान शॉप फ्लोअरवर काळे-पांढरे होऊन पोहोचते आणि लाल-हिरवे दोन्ही काळे होतात. त्यामुळे रंगावर विसंबायचेच नाही: जुने ते बारीक रेघेत, नवे ते जाड रेघेत, काढायचे ते तुटक रेघेत आणि वर फुल्या मारून. हे कितीही झेरॉक्स काढले तरी वाचता येते. बदललेल्या भागाभोवती ढगासारखी रेघ आणि त्रिकोणात रिव्हिजनचे अक्षर असते, तेही ठेवा. पण त्या ढगात नेमके काय बदलले हे एका वाक्यात सांगा. ‘रिव्हिजन बी, सर्वसाधारण सुधारणा’ असे टायटल ब्लॉकमध्ये लिहिणाऱ्याला जाब विचारायला हवा.

सॉफ्टवेअरची गोष्ट थोडक्यात. ऑटोकॅड १९८२ मध्ये आले, ईप्लॅन जर्मनीत १९८४ मध्ये. ऑटोकॅड इलेक्ट्रिकल किंवा ईप्लॅनसारखी सॉफ्टवेअर क्रॉस रेफरन्स आपोआप काढतात, एकाच कॉन्टॅक्टचा दोनदा वापर पकडतात, वायरींची यादी तयार करून देतात. बदलाच्या कामात त्यांचा खरा फायदा इथेच आहे. तरी लहान वर्कशॉपमध्ये साध्या ऑटोकॅडमध्ये रेघा ओढून, एक्सेलमध्ये टर्मिनलची यादी करून उत्तम ड्रॉइंगे निघतात. खरी ओरड फाइलची आहे. पॅनेल देणारा पीडीएफ देतो, मूळ फाइल देत नाही. पाच वर्षांनी बदल करायचा म्हटला की पीडीएफवर चिकटपट्टी लावल्यासारखे काम करावे लागते, किंवा पुन्हा त्याच्याच दारात जावे लागते. ऑर्डर देतानाच ‘मूळ फाइलसह’ हे शब्द घालायचे. नंतर मागितली तर तिचे वेगळे कोटेशन येते.

पॅनेलमधली मांडणी दाखवणारे जीए (जनरल अरेंजमेंट) ड्रॉइंग हा दुर्लक्षित कोपरा. ड्राइव्ह स्वतः तापतो. १५ किलोवॉटच्या ड्राइव्हची उष्णता ३००-४०० वॉटच्या घरात जाते. ड्राइव्हच्या वर-खाली किती मोकळी जागा हवी, पंखा कुठे, फिल्टर कुठे, हे मापासकट जीएवर नसेल, तर वायरमन जिथे जागा दिसेल तिथे ड्राइव्ह ठोकतो आणि मे महिन्यात तो दर दुपारी ट्रिप होतो. पीएलसी असलेल्या पॅनेलमध्ये निम्मे बदल प्रोग्राममध्ये होतात आणि ड्रॉइंगवर काहीच दिसत नाही. तिथे निदान इनपुट-आउटपुटच्या पानावर पत्त्याचे वर्णन बदलायचे आणि प्रोग्रामची आवृत्ती टायटल ब्लॉकमध्ये लिहायची.

हे सगळे केले तरी एक टप्पा उरतो: काम संपल्यावर कागद परत येणे. वायरमनने जागेवर काहीतरी बदललेलेच असते. १४ नंबरचे टर्मिनल तुटलेले निघाले म्हणून १७ वापरले, स्पेअर कॉन्टॅक्ट जळालेला होता म्हणून दुसरा घेतला. लाल पेनाने मार्कअप केलेला तो चुरगळलेला कागद हाच खरा अ‍ॅज-बिल्ट. तो ऑफिसात पोहोचून फाइल सुधारली जाईपर्यंत पॅनेलच्या खिशात त्याची झेरॉक्स राहिली पाहिजे आणि जुने पान तिथून गेले पाहिजे. हल्ली मोबाइलवर काढलेले फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. काम सुरू करण्याआधी फोटो काढणे चांगलेच. पण फोटोत चॅनेलच्या आत गेलेली वायर दिसत नाही, आणि सहा महिन्यांनी तो फोटो कुणाच्या फोनमध्ये आहे हे शोधणे जुने ड्रॉइंग शोधण्याहून कठीण. माझ्या मते कंत्राटदाराचे शेवटचे बिल या मार्कअपशी बांधावे. अ‍ॅज-बिल्ट नाही तर शेवटचा हप्ता नाही, एवढ्या एका अटीवर मी कागद वेळेवर येताना पाहिलेले आहेत.

तात्पुरत्या जंपरला तर कुणी ड्रॉइंगच्या लायक समजत नाही. लिमिट स्विच खराब आहे, माल द्यायचा आहे, म्हणून दोन टर्मिनलमध्ये एक तुकडा घातला जातो; तो ‘उद्यापर्यंत’चा तुकडा वर्षभर राहतो. १५ ऑगस्ट २०१७ रोजी लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून निघालेली गाडी चुकीच्या स्थितीतल्या सांध्यावरून गेली आणि शेजारी उभ्या असलेल्या कामाच्या गाडीला घासली. कुणाला इजा झाली नाही. चाचणीच्या वेळी जोडलेली, ड्रॉइंगवर नसलेली तात्पुरती वायर त्यामागे होती, आणि चौकशी अहवालात क्लॅफमची आठवण काढावी लागली, जवळपास तीस वर्षांनी. कारखान्यात यावर उपाय फार खर्चाचा नाही. जंपरसाठी पॅनेलमध्ये कुठेही नसलेल्या रंगाची वायर राखून ठेवायची, प्रत्येक तुकड्याला नंबराचा टॅग लावायचा, खिशातल्या ड्रॉइंगवर त्या दोन टर्मिनलांमध्ये पेन्सिलीने रेघ ओढून तारीख आणि सही करायची. शिफ्ट बदलताना येणाऱ्या माणसाने टॅग मोजून रेघांशी ताडायचे. एखादा तुकडा आठवड्याहून जास्त राहिला, तर तो काढायचा तरी किंवा पक्क्या बदलाचे पान काढून त्याला रिव्हिजनचे अक्षर तरी द्यायचे.